औषध महागलं? आधी पाकीट वाचा, मग योग्य दारात तक्रार ठेवा

औषधाची किंमत वाढली की पहिला राग निघतो मेडिकलवाल्यावर. तो म्हणतो, ‘वरूनच वाढून आलंय, आम्ही काय करणार?’ बहुतेक वेळा ते खरं असतं. मग माणूस सरकारला शिव्या देतो, कंपनीला देतो, पैसे मोजतो आणि घरी येतो. रुग्णाची गोळी चुकवता येत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

या रागाचं तक्रारीत रूपांतर करता येतं. त्यासाठी वाढ कुठल्या प्रकारची आहे हे आधी ओळखावं लागतं. प्रत्येक प्रकाराचा नियम वेगळा आणि दारही वेगळं. चुकीच्या दारात ठेवलेली तक्रार महिनाभर फिरते आणि ‘आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या एका ओळीवर बंद होते.

वाढ किती प्रकारची असते

भारतात औषधांच्या किमतींवर औषध (किंमत नियंत्रण) आदेश 2013 लागू आहे. त्याची अंमलबजावणी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए करतं. राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतली औषधं या आदेशाच्या पहिल्या अनुसूचीत येतात. सध्याची यादी 2022 ची आहे आणि तिच्यात 384 औषधं आहेत. या ‘अनुसूचित’ औषधांना सरकार कमाल दर ठरवून देतं. बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँड किरकोळ विक्रेत्याला ज्या दरांनी पडतात त्या दरांची सरासरी काढायची, तिच्यात विक्रेत्याचे 16 टक्के मिळवायचे, की झाला कमाल दर. औषध बनवायला खर्च किती येतो हा प्रश्न या सूत्रात कुठेच येत नाही. म्हणून काही औषधांचा कमाल दरही डोळे पांढरे करणारा असतो.

पहिला प्रकार वार्षिक वाढीचा. अनुसूचित औषधाचा कमाल दर दर वर्षी 1 एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतो. 2022 मध्ये ही वाढ 10.77 टक्के होती, 2023 मध्ये 12.12 टक्के. त्या दोन्ही वर्षी लोक चिडले ते उगाच नाही. 2024 मध्ये मात्र वाढ जवळपास शून्य (0.00551 टक्के) होती आणि 2025 मध्ये 1.74 टक्के. म्हणजे एप्रिल 2025 मध्ये एखादी अनुसूचित गोळी 10 टक्क्यांनी महागली असेल आणि कारण म्हणून ‘दर वर्षीची वाढ’ सांगितलं जात असेल, तर ते कारण खोटं आहे.

दुसरा प्रकार याच आदेशाच्या परिच्छेद 19 चा. असाधारण परिस्थितीत, जनहितासाठी एनपीपीए किंमत कमीही करू शकतं आणि वाढवूही शकतं. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटवर मर्यादा आली ती याच परिच्छेदाखाली: साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषधलेपित स्टेंटला 29,600 रुपये. ऑक्टोबर 2024 मध्ये याच परिच्छेदाखाली आठ औषधांच्या अकरा प्रकारांचा कमाल दर एकदम 50 टक्क्यांनी वाढला. त्यात दम्याचं साल्ब्युटामॉल होतं, काचबिंदूचे पायलोकार्पिन थेंब होते, लिथियमच्या गोळ्या होत्या, क्षयरोगाचं स्ट्रेप्टोमायसिन होतं आणि थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगातलं जादा लोह काढणारं डेस्फेरिऑक्सामिन होतं. अॅट्रोपिनचं इंजेक्शनही त्यात होतं. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला हेच द्यावं लागतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हापासून विदर्भात या इंजेक्शनची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही.

कच्चा माल महागला, डॉलर वधारला, या दरात बनवणं परवडत नाही, उत्पादन थांबवू द्या, असे कंपन्यांचे अर्ज आल्यावर ही वाढ झाली होती. आमच्या मते अॅट्रोपिनसारखं स्वस्त औषध बाजारातून गायब होणं हे ते थोडं महागण्यापेक्षा जास्त घातक आहे. पण 50 टक्के दिले तर त्या बदल्यात पुरवठ्याची हमी काय घेतली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो कसा विचारायचा ते शेवटी येईल.

तिसरा प्रकार बिगरअनुसूचित औषधांचा. इथे कमाल दर नसतो. सलग बारा महिन्यांत छापील किंमत 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढंच परिच्छेद 20 चं बंधन. पण पहिली किंमत काय लावायची याला बहुतेक औषधांत लगाम नाही. पाच रुपयांत पडणाऱ्या वस्तूवर पहिल्याच दिवशी शंभर रुपये छापले, तर ‘वाढ’ झालीच नाही. बेकायदा काही नाही आणि लूट मात्र उघड. रुग्णालयातल्या बिलांचं बरंचसं दुखणं इथे आहे.

याशिवाय काही वाढी वाढीसारख्या दिसत नाहीत. गोळीत एक घटक जादा घालून नवं नाव दिलं जातं, 15 ची पट्टी 10 ची होते, कर कमी झाला तरी छापील किंमत तिथेच राहते. शिवाय नवी पेटंट औषधं परिच्छेद 32 खाली पाच वर्षं किंमत नियंत्रणाबाहेर असतात.

पाकीट हातात घ्या

मेडिकलवाला पट्टी कापण्याआधी तिच्या पाठीचा फोटो काढा. चमकत्या फॉइलवर अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पट्टी थोडी तिरकी धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. फोटोत पाच गोष्टी स्वच्छ वाचता आल्या पाहिजेत: औषधाचं मूळ नाव व मात्रा, उत्पादक कंपनी, बॅच नंबर, उत्पादनाचा महिना आणि छापील किंमत. किंमत किती गोळ्यांसाठी आहे तेही पाहा. बॅच आणि किंमत बहुधा पट्टीच्या एका टोकाला ठसवलेली असते. सुट्या गोळ्या घेताना ते टोक दुकानात राहतं आणि तक्रारीचा कणा तिथेच मोडतो. सुट्या गोळ्यांचा दर पट्टीच्या दराच्या प्रमाणातच लावावा लागतो, हे परिच्छेद 27 मध्ये स्पष्ट आहे. ‘सुटं घेतलं तर दोन रुपये जास्त’ हा दुकानदाराचा नियम आहे, कायद्याचा नाही.

काही ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड असतो. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडना तो सक्तीचा झाला. तो स्कॅन केल्यावर कंपनी, बॅच, मुदत, परवाना कळतो. औषध खरं आहे का हे तपासायला तो कामाचा आहे, किंमत त्यात शोधू नका.

पक्कं बिल मागा. बिलावर बॅच नंबर आहे ना, आणि तो पट्टीवरच्या नंबराशी जुळतो ना, हे दुकानातच बघून घ्या. संगणकाच्या बिलात पुष्कळदा आधीच्या मालाची बॅच आणि नवी किंमत अशी सरमिसळ होते. आधीच्या महिन्याची रिकामी पाकिटं फेकू नका. कायमची औषधं चालू असलेल्या घरात प्रत्येक औषधाचं एक जुनं पाकीट, तारीख लिहून, डब्यात ठेवलेलं असावं. वाढ सिद्ध करायची तर ‘आधी किती होतं’ याचा पुरावा दुसरं कुणी देत नाही.

जुन्या मालावर जादा किमतीचं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर दोन फोटो काढा, एक स्टिकरसह आणि एक खालची छपाई दिसेल असा. चालू दरपत्रकातली किंमत आणि वेष्टनावरची किंमत यांतली जी कमी असेल, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हा परिच्छेद 26. दरपत्रक दुकानात दिसेल अशा जागी लावणं हे विक्रेत्याचं काम आहे. ते पाहायला मागण्यात गैर काही नाही.

दर शोधा आणि हिशेब मांडा

‘फार्मा सही दाम’ हे एनपीपीएचं मोफत अॅप आहे. ब्रँडचं नाव टाकलं की दर दिसतो. अॅपमध्ये औषध सापडलं नाही, तर एनपीपीएच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची कमाल दरांची यादी उतरवून घ्या आणि तिच्यात मूळ नावाने शोधा.

लोक सर्वांत जास्त इथे चुकतात. यादीत फक्त औषधाचं नाव नसतं. औषध, त्याचं रूप आणि मात्रा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. मेटफॉर्मिन 500 ची साधी गोळी यादीत आहे म्हणून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी आपोआप यादीत येत नाही. अशा संयोगांना काही वेळा एनपीपीए कंपनीनिहाय किरकोळ दर ठरवून देतं. तो दर त्या अधिसूचनेत नाव असलेल्या कंपनीलाच लागू असतो. हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी यांची तुलना केलेली तक्रार पहिल्याच छाननीत बाद होते.

आता हिशेब. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

समजा, अनुसूचित गोळीचा कमाल दर 6 रुपये आहे. अधिसूचनेतला दर जीएसटी वगळून असतो. म्हणजे 10 गोळ्यांचे 60 रुपये, त्यावर 5 टक्के कर 3 रुपये, एकूण 63. पाकिटावर 66 छापले असतील तर 3 रुपये जादा आहेत आणि तक्रार पक्की आहे. 63 छापले असतील तर कंपनी कायद्याच्या आत आहे. एक खाच मात्र आहे. एखाद्या कंपनीची किंमत आधीपासून कमाल दराच्या खाली, समजा 4 रुपये, असेल तर तिला एकदम 6 वर उडी मारता येत नाही. तिने आपली किंमत तशीच ठेवायची आणि वर्षाला निर्देशांकाएवढीच वाढ घ्यायची. कमाल दराखालच्या ब्रँडमध्ये झालेली अशी उडी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण अॅपवर सगळं ‘मर्यादेत’ दिसतं. जुनं पाकीट उपयोगी पडतं ते इथे.

बिगरअनुसूचित गोळीची 15 ची पट्टी गेल्या वर्षी 180 ला होती, म्हणजे गोळी 12 रुपयांना. आता कंपनीने 10 ची पट्टी काढून 140 रुपये लावले. हातात कमी पैशांचं पाकीट आलं, पण गोळी 14 रुपयांना पडली. वाढ 16.7 टक्के. मर्यादा होती 13 रुपये 20 पैसे. म्हणून तुलना नेहमी एका गोळीची, एका मिलिलिटरची किंवा एका कुपीची करा. पट्टीची कधीच करू नका.

कराचा भाग वेगळा काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि 33 जीवरक्षक औषधांवरचा 12 वरून शून्यावर. आधी 180 रुपयांना मिळणारी पट्टी इतर काही न बदलता 168 रुपये 75 पैशांना यायला हवी (180 ला 112 ने भागा, 105 ने गुणा). त्या तारखेआधीची आणि नंतरची किंमत ताडून पाहताना दोन्हीतला कर काढून टाका, नाहीतर खरी वाढ करकपातीत लपून जाते. जुन्या छपाईचा माल परत मागवणं कंपन्यांना सक्तीचं नव्हतं, पण सुधारित दरपत्रक देऊन कमी किमतीत विकणं बंधनकारक होतं. ‘पाकिटावर जुनीच किंमत आहे, तेवढीच द्या’ हे उत्तर म्हणून चालत नाही.

रुग्णालयाचं बिल

इथे राग सर्वांत मोठा असतो आणि कायदा सर्वांत तोकडा. 2018 मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला. सिरिंज, सलाईनचा सेट, हातमोजे, थ्री-वे (सलाईनच्या नळीचा जोड) यांवरची छापील किंमत मुळातच फुगवून आणली जाते आणि रुग्णालय ‘आम्ही छापील किमतीलाच देतो’ असं खरंच सांगू शकतं.

तरीही हातात काही गोष्टी उरतात. बिल ‘फार्मसी: 84,000’ अशा एका ओळीत घेऊ नका; वस्तूवार, बॅचसह मागा. परिचारिकेने दिलेल्या प्रत्येक इंडेंटची (औषधं मागवण्याच्या चिठ्ठीची) नोंद एका वहीत ठेवा आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी ती बिलाशी ताडून पाहा. मागवलेलं पण न वापरलेलं औषध परत करून त्याची रक्कम वजा झाली का ते बघा. मोठी रक्कम सापडते ती बहुधा इथेच. आयसीयूतून वॉर्डात हलवताना, किंवा मध्यरात्री औषध बदललं तेव्हा, न फोडलेल्या कुप्या मागे राहतात आणि बिलात मात्र जातात.

स्टेंट बसवला असेल तर त्याची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच बिलात स्वतंत्र दाखवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2025 पासूनचा औषधलेपित स्टेंटचा कमाल दर 38,933.14 रुपये आणि साध्याचा 10,692.69 रुपये होता, कर वेगळा. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये लावलेलं असतं. त्याचा फोटो घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

औषध रुग्णालयातल्याच दुकानातून घ्या अशी सक्ती झाली तर ती लेखी मागा. औषध कुठून घ्यायचं हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत आहे. लेखी मागितल्यावर सक्ती बऱ्याचदा सैल पडते. पण थंड साखळीत ठेवावी लागणारी औषधं (इन्सुलिन, काही केमोची इंजेक्शनं) बाहेरून आणताना बर्फाच्या पिशवीसह आणि बिलासह आणा, नाहीतर ती नाकारायला रुग्णालयाला रास्त कारण मिळतं.

कुठलं दार

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, स्टिकर चिकटवलं, बिल नाकारलं, सुट्या गोळ्यांना जादा लावले: ही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची बाब. महाराष्ट्रात टोल फ्री क्रमांक 1800 222 365, आणि लेखी तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे. फोनवर सांगून थांबू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. गोव्यात हे काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे.

छापील किंमतच कमाल दराहून जास्त आहे, 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे, किंवा औषध बाजारातून नाहीसं झालं आहे: ही एनपीपीएची बाब. ‘फार्मा जन समाधान’ या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मदतक्रमांक 1800 111 255. तिथे हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलं तर वेळ वाचतो. औषध मिळत नाही ही तक्रारही तितकीच महत्त्वाची आहे. अनुसूचित औषधाचं उत्पादन थांबवायचं तर कंपनीला सहा महिने आधी कळवावं लागतं, आणि सरकार तिला वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. किती दुकानं फिरलात, कुठल्या तारखेला, ही यादी जोडा.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. एनपीपीएने कंपनीकडून जादा आकारणी वसूल केली तरी ती व्याजासह सरकारी खात्यात जाते, रुग्णाला मिळत नाही. बऱ्याच लोकांना हे तक्रार निकाली निघाल्यावर कळतं आणि फसवणूक झाल्यासारखं वाटतं. स्वतःचे पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोगाचंच दार. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती पोर्टलवरूनही, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. वकील सक्तीचा नाही.

तक्रारीत काय लिहायचं

तक्रार जितकी कोरडी, तितकी ती पुढे सरकते. ‘गोरगरिबांना लुटतात’ हे खरं असलं तरी त्यावर निरीक्षकाला कारवाई करता येत नाही. नमुना असा:

‘दि. __ रोजी __ येथील __ या औषध दुकानातून __ (मूळ नाव, मात्रा, रूप) हे औषध घेतले. ब्रँड __, उत्पादक __, बॅच __, उत्पादन महिना __. वेष्टनावरील किंमत __ गोळ्यांसाठी __ रु., म्हणजे प्रति गोळी __ रु. लागू कमाल दर (अधिसूचना दि. __) प्रति गोळी __ रु., जीएसटीसह __ रु. जादा आकारणी प्रति गोळी __ रु. सोबत बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. औषध (किंमत नियंत्रण) आदेश 2013 अन्वये चौकशी करून केलेली कारवाई लेखी कळवावी.’

चिठ्ठीवरचं निदान झाकून प्रत जोडली तरी चालते, आजार सगळ्या कार्यालयाला कळायचं कारण नाही. एका अर्जात एकच औषध ठेवा. पाच औषधं एकत्र लिहिली की सर्वांत कमकुवत मुद्द्यावर उत्तर येतं आणि बाकीचे चार बुडतात.

तोवर औषध थांबवू नका

महाग झालं म्हणून गोळी अर्धी करणं, इन्सुलिन एक वेळ चुकवणं, केमोची तारीख पुढे ढकलणं हे वाढीपेक्षा महाग पडतं. डॉक्टरांना सरळ सांगा की परवडत नाही, आणि चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागा. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर दुकानदाराला आपल्या मनाने दुसरा देता येत नाही, नियमच तसा आहे. त्यामुळे बदल डॉक्टरांकडूनच व्हायला हवा. मूळ नाव हातात आलं की जन औषधी केंद्रात चौकशी करा; ‘जन औषधी सुगम’ अॅपवर जवळचं केंद्र आणि दर दिसतात. काही औषधांत मात्र फरक जपायला लागतो. अपस्मार, थायरॉइड, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस यांचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि बदललाच तर त्यांनी सांगितलेली रक्तचाचणी चुकवू नका. कर्करोगाच्या 42 औषधांवर फेब्रुवारी 2019 च्या अधिसूचनेनुसार व्यापारी नफ्याची 30 टक्के मर्यादा आहे, ती यादीही पाहून घ्या. रुग्णालयात दाखल व्हायचं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का, हे 155388 वर आधी विचारा. दाखल झाल्यावर, पैसे भरल्यावर विचारलं तर वेळ निघून गेलेली असते.

एकट्याने नाही, मिळून

एका पाकिटाची तक्रार एका पाकिटापुरती. वाढ मूळ अधिसूचनेतूनच आली असेल तर तिला हात घालायचे मार्ग वेगळे आहेत. कमाल दर ठरवताना केलेली आकडेमोड एनपीपीए दर जाहीर करण्याआधी संकेतस्थळावर ठेवतं आणि हरकतींसाठी दहा कामाचे दिवस देतं. अधिसूचना निघाल्यावर परिच्छेद 31 खाली फेरविचाराचा अर्ज पंधरा दिवसांत करावा लागतो. कंपन्या या दोन्ही मुदती पाळतात. रुग्णांचे गट बहुधा बातमी वाचून जागे होतात आणि तोवर पंधरवडा उलटलेला असतो. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रत्येक गटात एका माणसाने दर आठवड्याला ते संकेतस्थळ उघडायची जबाबदारी घ्यावी, एवढी छोटी व्यवस्था पुरते.

पेटंट औषधाची गोष्ट निराळी. किंमत पेटंटमुळे वर असेल तर किंमत नियंत्रणाच्या दारात काही मिळत नाही. 2012 मध्ये भारताने पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला तेव्हा कर्करोगाच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला. पेटंट मंजूर होण्याआधी त्याला हरकत घेण्याचा हक्क पेटंट कायद्याच्या कलम 25(1) खाली कुणालाही आहे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी क्षयावरच्या बेडाक्विलिनच्या वाढीव पेटंटाला हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो पेटंट अर्ज फेटाळला. त्यांच्यामागे रुग्णसंघटना आणि जाणकार वकील होते. हे काम एकट्याने अंगावर घेऊ नका.

राहिला तो ऑक्टोबर 2024 च्या 50 टक्के वाढीचा प्रश्न. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून केंद्राच्या पोर्टलवर अर्ज करा. ‘वाढ का केली?’ असं विचारलंत तर ‘जनहितार्थ’ असं एका शब्दाचं उत्तर येईल. कागद मागा: अमुक तारखेच्या अधिसूचनेतल्या अमुक औषधासाठी कंपन्यांनी दिलेले अर्ज, त्यावर विचार झालेल्या प्राधिकरणाच्या बैठकीचं इतिवृत्त आणि जोडपत्रं, कच्च्या मालाच्या दराचे तक्ते, वाढीनंतर उत्पादन चालू ठेवण्याबाबत घातलेल्या अटी असतील तर त्यांची प्रत, आणि वाढीनंतरच्या प्रत्येक तिमाहीतले उत्पादनाचे आकडे. व्यापारी गुपित म्हणून काही पानं नाकारली जातील. तेव्हा अपिलात लिहा की ती पानं वगळून उरलेला भाग कलम 10 प्रमाणे द्यावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पहिलं अपील त्यापुढच्या तीस दिवसांत. माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे केला, तर महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तिथे औषध दुकानांच्या तपासण्या हा विषय वेगळा आणि किमतीच्या तक्रारींवरची कारवाई वेगळी, असे दोन अर्ज करा.